काँक्रीटमधली पकड

शाळेची नवी खोली बांधून होते. स्लॅबवर पाणी मारून झाले, सेंटरिंग निघाले, रंगही लागला. मग वायरमन शिडी घेऊन येतो आणि वर पाहून विचारतो, "पंख्याचा हूक कुठं आहे?" स्लॅब टाकण्याच्या गडबडीत हुकाचा डबा ठेवायचा राहून गेलेला असतो. "काही हरकत नाही, एक फास्टनर मारून देतो," असे तो म्हणतो. भोक पाडायचे यंत्र पाच मिनिटे घरघरते, बोल्ट आत जातो, पंखा फिरू लागतो. पुढची वीसपंचवीस वर्षे त्या बोल्टखाली मुले बसणार असतात.

पंख्याचे वजन चारपाच किलो. बोल्ट तर कित्येकशे किलो पेलेल असा. मग काळजी कशाला? हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. बोल्ट किती मजबूत आहे हे आपण पाहतो, पण काँक्रीटने त्याला कसे धरले आहे हे विचारत नाही. तो तुटण्यापेक्षा धरलेल्या जागेतून सुटण्याचीच भीती जास्त असते. दगडात आणि काँक्रीटमध्ये धातू पक्का बसवण्याचा माणसाचा खटाटोप अडीच हजार वर्षांचा आहे. त्यातले काही धडे माणसांचे जीव गेल्यानंतर शिकावे लागले, आणि एक धडा तर आपल्या सातारा जिल्ह्यातला आहे.

शिसे आणि गंज

अथेन्सच्या पार्थेनॉन मंदिराचे (इ.स.पू. ४४७ ते ४३२) संगमरवरी चिरे एकमेकांना लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले आहेत. कारागिरांनी खाचेत पट्टी ठेवून भोवती वितळलेले शिसे ओतले. शिशाची दोन कामे होती. ते खाच पूर्ण भरून काढी, त्यामुळे पट्टी हलत नसे. आणि ते पाणी लोखंडापर्यंत पोचू देत नसे. दगडी बांधकामात शिसे ओतण्याची रीत आपल्याकडेही होती. सिंधुदुर्गाच्या पायाचे चिरे शिसे ओतून पक्के केले, असे परंपरेने सांगितले जाते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पार्थेनॉनची डागडुजी झाली, तेव्हा नव्या लोखंडी पट्ट्या शिशाच्या वेष्टनाशिवाय बसवल्या गेल्या. काही दशकांत त्या गंजल्या. लोखंडापेक्षा गंज कित्येक पट जास्त जागा व्यापतो. ती जागा मिळवण्यासाठी गंजाने आतून रेटा दिला आणि प्राचीन संगमरवर तडकला. पुढच्या जीर्णोद्धारात त्या पट्ट्या काढून टिटॅनियमच्या बसवाव्या लागल्या. जुन्या कारागिरांना गंजाचे रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, पण शिसे का ओतायचे हे ठाऊक होते. रीत उचलताना तिच्यामागचे कारण सुटले, की असे होते.

आधीच रोवलेला बोल्ट

काँक्रीट आले आणि प्रश्नाचे रूप पालटले. जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट १८२४ मध्ये घेतले. भारतात पोरबंदरच्या कारखान्यातून १९१४ मध्ये सिमेंट बाहेर पडू लागले. दगडात खाच खणावी लागे. काँक्रीट मात्र ओतताना पातळ असते. धातू आधीच जागेवर ठेवून भोवती काँक्रीट ओतले, की दोघे एकजीव होतात. पंख्याचा हूक हे त्याचेच उदाहरण. त्याचे पाय स्लॅबच्या सळयांना अडकवलेले असतात. हूक निघायचा तर सळ्यांचे जाळेच फाडावे लागेल.

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत मोठ्या यंत्रांच्या शेडमध्ये ही रीत पाहायला मिळते. भारी लेथ किंवा प्रेस बसवायची असते तेव्हा आधी काँक्रीटचा पाया ओततात. त्यात बोल्टांच्या जागी चौकोनी खड्डे सोडतात. त्यांना कामगार 'पॉकेट' म्हणतात. यंत्र वर ठेवून, लेव्हल पाहून, खाली वाकवलेल्या पायाचे फाउंडेशन बोल्ट पॉकेटमध्ये सोडतात आणि मग ग्राउट ओततात. बोल्टाचा पाय वाकडा का? सरळ सळई नुसत्या चिकटण्यावर टिकते. वाकडा पाय मात्र काँक्रीटमध्ये अडकतो. यंत्राचे हादरे वर्षानुवर्षे बसत राहिले आणि चिकटलेपणा कमी झाला, तरी अडकण शिल्लक राहते.

या रीतीत एकच अडचण आहे. बोल्ट कुठे लागणार हे आधी माहीत असावे लागते. कारखान्यात यंत्र हलते, नवे येते, पायाचा नकाशा बदलतो. शाळेत डबा ठेवायचा राहतो. म्हणून घट्ट झालेल्या काँक्रीटमध्ये नंतर काही बसवण्याची कला माणसाला शोधावी लागली.

गिट्टीपासून नायलॉनपर्यंत

जुन्या शाळांच्या भिंतींवर सागवानी बॅटनचे वायरिंग अनेकांनी पाहिले असेल. त्या पट्ट्या बसवताना वायरमन छिन्नी-हातोडीने भिंतीत भोक पाडी, त्यात लाकडी गिट्टी ठोकी आणि गिट्टीत स्क्रू पिळी. काम वेळखाऊ होते, भिंतीचा पोपडा निघे आणि लाकूड वाळले की गिट्टी सैल होई.

लंडनमध्ये जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या कंत्राटदारासमोर १९१० च्या सुमारास हीच अडचण उभी राहिली. ब्रिटिश म्युझियममध्ये विजेची उपकरणे बसवायची होती, पण भिंतींची नासाडी चालणार नव्हती. त्याने तागाचे धागे जनावरांच्या रक्ताने चिकटवून त्यांची बारीक नळी केली. छोट्या भोकात नळी घालायची आणि तिच्यात स्क्रू पिळायचा. स्क्रू आत जाताना ताग बाहेरच्या बाजूला दाबला जाई आणि भोकाच्या अंगाला घट्ट बसे. वायरमनच्या तोंडी असलेला 'रावल प्लग' हा शब्द या रॉलप्लगपासूनच आला आहे.

यात नवी कल्पना कोणती? गिट्टी ठोकून बसवत, म्हणजे ती आधीच घट्ट असे आणि पुढे सैल होत जाई. रॉलिंग्जची नळी आधी सैल असे आणि स्क्रू पिळल्यावर घट्ट होई. धरण्याचे काम घर्षणावर सोपवलेले होते आणि घर्षणाला लागणारा दाब स्क्रूच पुरवत होता. आज आपण ज्याला विस्तारणारा अँकर म्हणतो, त्याचे तत्त्व हेच आहे. पोलादी अँकरमध्ये ताग नसतो. शंकूच्या आकाराचे टोक असते आणि त्याभोवती चिरलेली पोलादी बांगडी. नट आवळला की शंकू वर ओढला जातो, बांगडी फाकते आणि भोकाच्या भिंतीला रेटते.

पुढचे पाऊल जर्मनीत पडले. कुलुपांचे काम शिकलेल्या आर्टुर फिशर (१९१९-२०१६) यांनी १९५८ मध्ये नायलॉनचा प्लग काढला. तो पुढून दुभागलेला होता आणि भोकात गरगर फिरू नये म्हणून त्याला लहान जिभा होत्या. नायलॉन कुजत नाही, वाळून आकसत नाही. फिशर यांच्या नावावर हजाराहून जास्त पेटंटे आहेत, पण जगभरच्या घरांत पोचला तो हाच दोन-चार सेंटिमीटरचा तुकडा. आपल्याकडे भारतीय मानक संस्थेने भिंती, छत आणि जमिनीत वस्तू पक्क्या बसवण्याच्या साधनांसाठी १९६१ मध्ये आचारसंहिता प्रसिद्ध केली. तिचा क्रमांक आयएस १९४६.

काँक्रीट कसे सुटते?

आता थोडे गणित करू. दाबाखाली काँक्रीट भक्कम असते. ओढले तर मात्र त्याची ताकद दाबाच्या सुमारे एक दशांशच भरते. बोल्ट जोराने ओढला आणि तो तुटला नाही, तर त्याच्याभोवतीचे काँक्रीट शंकूच्या आकारात उखडून येते. शंकूचे टोक बोल्टाच्या आतल्या टोकाशी आणि पसरट तोंड पृष्ठभागावर. त्याची बाजू पृष्ठभागाशी सुमारे ३५ अंशांचा कोन करते. म्हणजे बोल्ट ६० मिलिमीटर खोल असेल तर पृष्ठभागावर सुमारे ९० मिलिमीटर त्रिज्येचे वर्तुळ उखडते.

शंकूचे क्षेत्रफळ खोलीच्या वर्गाने वाढते. मग खोली दुप्पट केली की ताकद चौपट व्हायला हवी. प्रयोगात तसे होत नाही. काँक्रीट एकाच क्षणी सगळीकडे फाटत नाही. भेग बोल्टाच्या टोकाशी सुरू होते आणि पुढे सरकत जाते. शंकू मोठा असेल तर सगळा पृष्ठभाग एकाच वेळी जोर लावू शकत नाही. म्हणून ताकद खोलीच्या दीड घाताने वाढते. खोली दुप्पट केली, तर ताकद दोन गुणिले दोनचे वर्गमूळ, म्हणजे सुमारे २.८ पट होते. जर्मनी आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी शेकडो चाचण्यांवरून हा नियम पक्का केला आणि १९९५ मध्ये तो सोप्या रूपात मांडला.

युरोपातल्या मार्गदर्शक तत्त्वांत पुढे हे सूत्र असे आले: बिनभेगांच्या काँक्रीटमध्ये ताकद न्यूटनमध्ये काढायची, तर १०.१ ला काँक्रीटच्या ताकदीच्या वर्गमुळाने आणि खोलीच्या दीड घाताने गुणायचे. काँक्रीट एम-२५ घेऊ; २५ चे वर्गमूळ ५. खोली ६० मिलिमीटर. ६० चा दीड घात सुमारे ४६५. गुणाकार येतो सुमारे २३,५०० न्यूटन, म्हणजे जवळजवळ २,४०० किलोचा भार. खोली १२० मिलिमीटर केली तर सुमारे ६६,००० न्यूटन. हे शंकू उखडण्याचे आकडे आहेत. वापरासाठी त्यांतून सुरक्षेचा बराच वाटा वजा करावा लागतो.

त्याच काँक्रीटला भेग असेल तर १०.१ च्या जागी ७.२ घ्यावे लागतात. म्हणजे ताकद जवळजवळ तीस टक्क्यांनी घटते, तीही भेगेत टिकण्यासाठी खास बनवलेल्या अँकरची. साधा विस्तारणारा अँकर असेल तर गोष्ट आणखी वाईट. तो घर्षणावर जगतो. भेग भोकातून गेली की भोक रुंदावते, बांगडीचा दाब कमी होतो आणि अँकर निसटू शकतो.

आता स्लॅबकडे परत पाहा. भाराने स्लॅब किंचित वाकतो. वाकताना वरचा भाग दाबला जातो आणि मधल्या भागात खालचा पृष्ठभाग ताणला जातो. पोलादी सळ्या खालच्या बाजूला असतात त्या याचसाठी. बारीक भेगाही तिथेच पडतात, ०.३ मिलिमीटरपर्यंतच्या भेगा आपली संहिताही गृहीत धरते. पंखा टांगायचा तो नेमका त्याच पृष्ठभागाला, खोलीच्या मध्यावर. आपल्या वायरमनने निवडलेली जागा सोयीची खरी, पण काँक्रीटच्या दृष्टीने ती सर्वांत दुबळी असते.

कोयनेचे काँक्रीट

११ डिसेंबर १९६७. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी पाटण तालुक्यात कोयनानगरला भूकंप झाला. सुमारे १८० माणसे मरण पावली. सांगली-मिरजेकडेही माणसे धक्क्याने जागी झाली. १०३ मीटर उंचीचे कोयना धरण उभे राहिले, पण त्याच्या उंच भागांत आडव्या भेगा पडल्या. धरणाच्या मागच्या अंगाचा उतार जिथे एकदम बदलतो, त्या उंचीवर त्या मुख्यत्वे होत्या. आकार अचानक बदलतो तिथे ताण एकवटतो, हे आपण पुस्तकात शिकवतो. इथे ते धरणाच्या अंगावर दिसले.

भेग आडवी पडली म्हणजे वरचा भाग खालच्या भागावर नुसता ठेवल्यासारखा झाला. पुढच्या धक्क्याला तो हलू शकला असता. मागे जलाशय होता, पुढे नदीकाठची गावे. भेगांत इपॉक्सी राळ दाबून भरण्यात आली आणि तातडीचा उपाय म्हणून वरचा भाग पोलादी केबलींनी खालच्या भागाशी ताणून बांधण्यात आला. या पद्धतीत वरून खोल भोक पाडतात, केबल भेगेच्या पलीकडे नेऊन तिचे खालचे टोक पक्के करतात आणि मग वरून ओढून, ताणलेल्या स्थितीतच, तिचे टोक बांधतात. केबल आकसू पाहते आणि वरच्या काँक्रीटला खालच्या काँक्रीटवर दाबून धरते. नट आवळून बसवलेल्या अँकरचेच हे अवाढव्य रूप म्हणता येईल. अल्जीरियातल्या एका जुन्या धरणाला फ्रेंच अभियंता आंद्रे क्वान यांनी १९३४ मध्ये असे बांधून घेतले होते.

कोयनेचे काम एवढ्यावर थांबले नाही. केबली हा तातडीचा उपाय मानला गेला. कायमचा उपाय म्हणून धरणाच्या उंच भागांना मागून काँक्रीटचा जाड आधार देण्यात आला. हे काम १९७३ पर्यंत चालले. अभियंत्यांनी कोणत्या उपायाकडून किती दिवसांची अपेक्षा ठेवायची हे वेगवेगळे ठरवले, ही यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट. हीच गोष्ट विसरल्याने दुसरीकडे काय झाले ते आता पाहू.

सावकाश सुटणारी पकड

धरण्याचे तीन मार्ग आहेत: अडकणे, घर्षण आणि चिकटणे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिसरा मार्ग फार लोकप्रिय झाला. भोकात राळ भरायची, बोल्ट घालायचा, राळ घट्ट झाली की काम संपले. याला आपल्याकडे केमिकल अँकर म्हणतात. फाकणारी बांगडी नसल्याने काँक्रीटवर आतून रेटा येत नाही. कडेजवळ किंवा हादरणाऱ्या यंत्राखाली तो अनेकदा जास्त सोयीचा ठरतो.

अमेरिकेत बॉस्टन शहराखालच्या नव्या बोगद्यात काँक्रीटचे जड तक्ते छताला अशाच बोल्टांनी टांगले होते. १० जुलै २००६ च्या रात्री सुमारे २६ टन वजनाचा भाग एका मोटारीवर कोसळला आणि एक महिला मरण पावली. चौकशीत दिसले, की वापरलेली इपॉक्सी लवकर घट्ट होणाऱ्या जातीची होती. थोड्या वेळाच्या चाचणीत ती उत्तम टिकली होती, पण सततच्या ओढीखाली ती महिनोन्महिने इंच-इंच नव्हे, केसाकेसाने ताणत गेली. १९९९ मध्येच काही बोल्ट खाली सरकलेले दिसले होते. सरकण्याचे कारण शोधण्याऐवजी ते दुरुस्त करून काम पुढे नेले गेले.

जपानमध्ये २ डिसेंबर २०१२ रोजी सासागो बोगद्याचे छत शंभराहून जास्त मीटर लांबीत कोसळून ९ जण ठार झाले. बोगदा १९७७ पासून वापरात होता. तिथेही वरचे बोल्ट राळेने चिकटवलेले होते आणि जवळ जाऊन, हातोडीने ठोकून त्यांची तपासणी कित्येक वर्षांत झालेली नव्हती. बॉस्टनचा बोगदा नवा होता, सासागोचा पस्तीस वर्षांचा. दोन्हीकडे भार खालच्या दिशेने, अखंड, रात्रंदिवस ओढत होता.

अमेरिकेच्या काँक्रीट संहितेत २०११ मध्ये चिकटवलेल्या अँकरसाठी स्वतंत्र नियम आले. सतत ओढ सोसणारे असे अँकर छताला किंवा भिंतीला आडवे बसवायचे तर बसवणारा कारागीर प्रशिक्षित आणि परीक्षा दिलेला असला पाहिजे, हा त्यांतला एक. कारण साधे आहे. भोकात राहिलेली धूळ राळ आणि काँक्रीट यांच्यामध्ये येते आणि राळ धुळीला चिकटते. बाहेरून पाहता हे कोणालाच कळत नाही. फुंकणे, ब्रशने घासणे, पुन्हा फुंकणे ही कंटाळवाणी कामेच पकड ठरवतात.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग: बादलीत ओलसर वाळू दाबून भरा. सदऱ्याच्या मोठ्या बटणाला दोरा बांधून ते ३ सेंटिमीटर खोल पुरा, दोरा वर ठेवा. स्प्रिंग बॅलन्सने हळूहळू ओढा. वाळूचा शंकू उचलला जाताना दिसेल. त्या वेळचे वाचन लिहा. मग ६ सेंटिमीटर खोलीवर करा. वाचन दुपटीहून बरेच जास्त येईल. वाळू म्हणजे काँक्रीट नव्हे, त्यामुळे २.८ हाच आकडा येणार नाही. तो का येणार नाही यावर मुलांना बोलू द्या. मग बटण बादलीच्या कडेजवळच्या मोकळ्या वाळूत, किंवा दोन बटणे शेजारी-शेजारी पुरून पाहा.

दुसरा प्रयोग: पातळ प्लॅस्टिक पिशवीची अरुंद पट्टी कापा, तिच्यावर शाईने दोन खुणा करा आणि खाली वजन टांगा. पट्टी तुटणार नाही, पण सहज दिसेल इतकी ताणली जाईल एवढे वजन घ्या. रोज ठरावीक वेळी खुणांमधले अंतर मोजा आणि आठवडाभराचा आलेख काढा. पहिल्या मिनिटाला जे टिकले ते सातव्या दिवशी कसे दिसते, हे मुले स्वतः पाहतील. बॉस्टनच्या छतात हेच चालले होते.

तिसरे काम प्रयोगाचे नाही, पाहण्याचे आहे. मुलांबरोबर शाळेत फिरा आणि छताला किंवा भिंतीला काय काय टांगले आहे त्याची यादी करा: पंखे, फळा, पाण्याची टाकी, घंटा, नामफलक. प्रत्येकापुढे चार प्रश्न लिहा. ओढ कोणत्या दिशेने आहे? ती सतत आहे की अधूनमधून? हादरे बसतात का? आणि पकड कशाची आहे: अडकण्याची, घर्षणाची की चिकटण्याची? चौथ्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच ठिकाणी मिळणार नाही. त्या वस्तूंसमोर खूण करून यादी मुख्याध्यापकांकडे द्या.

पंख्याबद्दल बोलायचे, तर हूक विसरू नये हे सर्वांत स्वस्त. विसरलाच, तर भेगेतही टिकेल असा अँकर, पुरेशी खोली, कडेपासून आणि दुसऱ्या अँकरपासून पुरेसे अंतर, स्वच्छ भोक आणि नंतर दरवर्षी एकदा शिडी लावून पाहणी, एवढे तरी हवेच. शिवाय पंख्याला वेगळ्या जागी बांधलेली सुरक्षेची तार असावी. एक पकड सुटली तर दुसरी शिल्लक राहावी म्हणून. आणि त्या दिवशी वायरमनने शिडी मांडली, की मुलांना वर्गाबाहेर पाठवू नका. भोक पाडून झाल्यावर तो आत फुंकतो का, ते त्यांना खालून पाहू द्या.